‘प्रभू म्हणतो’ असं मी म्हणाले, आणि तसं झालं नाही

गोदाकाठ

सर्वांना सलाम. हा धागा काढू की नको, या विचारात बरेच महिने गेले. काढतेय, कारण आमच्या मंडळीत हे बोलायला गेलं की लोक विषय बदलतात.

नाशिक रोडला एका घरात आमची प्रार्थनासभा भरते, दर शुक्रवारी संध्याकाळी. पंधरावीस माणसं, खाली सतरंजी, एक कीबोर्ड, एक ढोलकी. गेली सहासात वर्षं प्रार्थनेत मला कधी एखादं चित्र दिसतं, कधी एखादं वचन मनात येऊन बसतं, आणि ते ज्याच्यासाठी आहे असं वाटतं त्याला मी सांगते. पुष्कळदा ते बरोबर निघालं. एका मावशींना मी म्हटलं होतं, “मला कुलूप लावलेली एक ट्रंक दिसते.” त्या ढसाढसा रडल्या. गेलेल्या मुलाचे कपडे त्यांनी ट्रंकेत ठेवून वर कुलूप घातलं होतं, आणि ते घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर लोक मुद्दाम मला विचारायला येऊ लागले. मला ते आवडू लागलं, हेही लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वी एक जोडपं आलं. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही, उपचार चालू. ती गुडघे टेकून बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “प्रभू म्हणतो, पुढच्या वर्षी याच दिवसांत तुझ्या उराशी बाळ असेल.” सगळ्या खोलीने आमेन म्हटलं.

त्यांनी उपचार थांबवले. थांबवा असं मी म्हटलं नव्हतं, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा मी स्वतःला हेच सांगत असते. पण ‘प्रभू म्हणतो’ ऐकल्यावर कोण इंजेक्शनं घ्यायला जाईल? ती घरी बसून गोधडी शिवायला लागली. आईच्या जुन्या सुती साड्या, वरून फिकट पिवळी, कडेला हिरवा काठ. अर्धवट असताना ती सभेत घेऊन आली होती. तांदळाएवढे बारीक टाके. मी त्या गोधडीवर हात ठेवूनही प्रार्थना केली.

वर्ष गेलं. दुसरंही गेलं. बाळ झालं नाही आणि दोघं यायची बंद झाली. मागच्या महिन्यात बिटको चौकात भाजी घेताना ती भेटली. मला वाटलं बघून न बघितल्यासारखं करेल. तिने हाक मारली, घरच्यांची चौकशी केली, आणि जाताजाता म्हणाली, “ताई, गोधडी तशीच आहे. कुणाला लागणार असेल तर सांगा.” मेथीची जुडी हातात धरून मी किती वेळ तिथे उभी होते, मला आठवत नाही.

घरी येऊन जुनी वही काढली. मी रोज वाचलेला अध्याय त्यात लिहिते. त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी लिहिलंय: बायबलमधलं २ राजे ४. शूनेमच्या बाईला अलीशा संदेष्टा सांगतो, पुढल्या वर्षी याच सुमारास तुझ्या उराशी मुलगा असेल. म्हणजे माझ्या तोंडून आलेले शब्द मंगळवारीच माझ्या डोक्यात येऊन बसले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला खरोखर काय जाणवलं होतं, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. जाणवलं होतं एवढंच, की प्रभूला हिचं दुःख माहीत आहे. पुढचं सगळं माझं होतं. माझी माया, माझं वाचन, आणि सगळे माझ्याकडे बघत होते तेही.

मंडळीत विषय काढला तर एक जण म्हणाले, प्रभूची वेळ अजून आली नसेल. दुसऱ्या ताई म्हणाल्या, तिचाच विश्वास कमी पडला असेल. हे दुसरं ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सभेत उभं राहून हे चुकलं असं सांगावं का? आणि तुमच्याकडे असे संदेश पारखायची काही रीत आहे का?

बिरुयाकर

ताई, प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. बायबलमधल्या अनुवाद १८:२२ मध्ये संदेष्ट्याची, म्हणजे देवाचा शब्द सांगणाऱ्याची, कसोटी दिलेली आहे. परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हता, संदेष्टा उन्मत्तपणे बोलला. त्याच्या दोन वचनं आधी शिक्षाही सांगितली आहे, मृत्यूची, ती तुम्हाला माहीत असेलच. तिथे ‘थोडं बरोबर, थोडं चूक’ अशी सोय नाही.

माझ्या मते पवित्र शास्त्र पूर्ण झाल्यावर संदेश देण्याच्या या दानाचं काम संपलं. ज्या वचनाने तुम्हाला मंगळवारी बोध दिला, ते वचन तिला नुसतं वाचून दाखवलं असतंत, तर आज ही गोधडी अशी पडून राहिली नसती. राग मानू नका.

शरणपूरचे_काका

मुली, आधी तुला सलाम. मी चाळीस वर्षं पाळकाचं काम केलं, आता निवृत्त आहे.

बिरुयाकरांचं म्हणणं मी हलकं मानत नाही, पण शास्त्रात अजून एक प्रसंग आहे. २ शमुवेल ७. दावीद राजा नाथान संदेष्ट्याला म्हणतो, मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पेटी, कनातीत आहे. नाथान लगेच सांगतो, तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. नाथान खरा संदेष्टा. हेतू चांगला, राजा भला, मंदिर बांधायचं म्हणजे पुण्याचंच काम. आणि तरी चुकला! त्याच रात्री परमेश्वराचं वचन आलं, जा, दावीदाला सांग, घर तू बांधायचं नाहीस. नाथान सकाळी परत गेला आणि राजाच्या तोंडावर आपला कालचा शब्द मागे घेतला. त्याची जागा गेली नाही. पुढे दावीदाने दुसऱ्याची बायको बथशेबा नेली, तेव्हा ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हणायला हाच नाथान उभा राहिला. आदल्या दिवशीचा शब्द गिळायची लाज वाटणारा माणूस तिथे उभा राहू शकला असता का, हा विचार मी पुष्कळदा करतो.

दुसरा यिर्मया संदेष्टा. २८ वा अध्याय. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सगळ्या लोकांसमोर सांगतो, दोन वर्षांत बाबेलच्या गुलामीचं जू मोडेल, आणि त्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर असलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. यिर्मया काय म्हणतो बघ. आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे आपल्या लोकांचं भलं व्हावं असं त्यालाही वाटत होतं. मग एवढंच म्हणतो, शांतीचा संदेश देणाऱ्याचं खरेपण तो शब्द घडल्यावर कळतं. आणि निघून जातो. तिथल्या तिथे उत्तर देत नाही. परमेश्वराचं वचन त्याला नंतर मिळतं. पुढे ४२ व्या अध्यायात लोक त्याला विचारायला येतात, मिसरात जाऊ का, तर वचन येतं दहा दिवसांनी. शहर पडलंय, लोक जीव मुठीत धरून बसलेत, आणि संदेष्टा दहा दिवस थांबतो.

आपण सभेत दहा मिनिटं थांबत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, सांग. पण सभेच्या आधी त्या दोघांकडे जा.

दिंडोरीची_बाग

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझी गोष्ट सांगतो. पाच एकर द्राक्षं आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात मंडप घालून सभा झाली, बाहेरून एक सेवक आले होते. त्यांनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, “तुझ्या बागेवर गार पडणार नाही, प्रभूने कुंपण घातलंय.” मी नाव सांगितलं नव्हतं, बाग आहे हेही नाही. अंगावर काटा आला. (आता वाटतं, दिंडोरी तालुक्यात मंडपातल्या कुणाकडेही बोट केलं असतं तरी बाग निघाली असती.) त्या वर्षी गारपिटीच्या विम्याचा हप्ता मी भरला नाही. भरला तर अविश्वास ठरेल असं वाटलं.

फेब्रुवारीत माल तयार, घडांना कागद बांधलेले, व्यापारी बघून गेलेला. संध्याकाळी वीस मिनिटं गार झाली. सकाळी बागेत गेलो तर कागद फाटून लोंबत होते, आत मणी फुटलेले. ऊन चढल्यावर आंबूस वास सुटला. तो वास आजही नाकात आहे.

ताई, गार पडली त्याचा राग नाही. गार सगळ्यांवर पडते. त्या सेवकांच्या माणसाला फोन केला तर उत्तर मिळालं, “भाऊ, मनात कुठे शंका धरली होतीत का?” म्हणजे शब्द त्यांचा, आणि खोट माझ्यात. दोन वर्षं मी चर्चला गेलो नाही. तुम्ही त्या बहिणीकडे जाणार असाल तर हे तेवढं तिला नक्की सांगा, की तिचा विश्वास कमी पडला नव्हता.

पंचवटीतला_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक भाबडा प्रश्न. ‘संदेश’ म्हणजे भविष्य सांगणं का? आमच्याकडे पत्रिका बघतात तसं? आणि चुकू शकतं हे मान्य असेल, तर मग ते मुळात सांगायचंच कशाला?

गोदाकाठ

दादा, प्रश्न अगदी योग्य आहे. पत्रिकेसारखं नाही, निदान तसं नसावं. करिंथच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, संदेश देणारा माणसांशी उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन यांविषयी बोलतो (१ करिंथ १४:३). त्यात भविष्य कधी येतंही. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ पडणार असं सांगितलं, तो रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात पडला, आणि अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयातल्या बंधूंना आधीच मदत पाठवली. पण बहुतेक वेळा संदेशाचं काम म्हणजे खचलेल्या माणसाला उभं करणं.

चुकू शकतं तर सांगायचं कशाला, याचं उत्तर मला तेवढं सोपं देता येत नाही. त्या ट्रंकेच्या मावशींनी कुलूप उघडलं. मुलाचे कपडे वाटून टाकले. चार वर्षांनी पहिल्यांदा त्या नीट झोपल्या. मी गप्प बसले असते तर ते झालं नसतं. तोच पौल म्हणतो, आपल्याला अंशतः कळतं आणि अंशतः संदेश देता येतो. हे ‘अंशतः’ मी सभेत कधी उच्चारलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं.

दिंडोरीचे दादा, तुमचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

बिरुयाकर

अगबाचं नाव आलं म्हणून. हल्ली काही अभ्यासक, वेन ग्रूडेम वगैरे, असं मांडतात की नव्या करारातले संदेष्टेही तपशिलात चुकत. आधार प्रेषितांची कृत्ये २१ चा. पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून अगब म्हणतो, यहूदी लोक यरुशलेमेत या माणसाला असंच बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. प्रत्यक्षात यहुद्यांनी बांधलं नाही, मारहाण केली. साखळ्या घातल्या त्या रोमी सरदाराने, आणि त्याने पौलाला यहुद्यांच्या हातातून सोडवलं, असं ते म्हणतात. पण २८:१७ मध्ये पौल स्वतःच सांगतो की मला यरुशलेमेहून बंदिवान म्हणून रोमी लोकांच्या हाती देण्यात आलं. म्हणजे पौलाच्या लेखी अगब चुकला नव्हता. हा आधार धरून कुणी चुकांना परवाना देऊ नये.

शरणपूरचे_काका

बरोबर आहे, अगबावर फार भार टाकू नये. माझं बोट त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनावर आहे. सोर शहरातल्या शिष्यांनी ‘आत्म्याच्या द्वारे’ पौलाला सांगितलं, यरुशलेमेत जाऊ नको. आणि पौल गेला! कारण त्याच्या आधी, २० व्या अध्यायात, तो म्हणतो की पवित्र आत्मा मला शहरोशहरी सांगतोय, बंधनं आणि संकटं तुझी वाट पाहताहेत. त्या शिष्यांना संकट दिसलं ते खरंच होतं. ‘म्हणून जाऊ नको’ हे त्यांच्या प्रेमाने त्यात घातलं, असं मला वाटतं. आपल्या गोदाकाठच्या ताईचं हेच झालं ना? दुःख दिसलं ते खरं. बाळ तिच्या मायेने घातलं.

आणि म्हणूनच पौल लिहितो, दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारखावं. पारखणं हे मंडळीचं काम. तुझ्या सभेत वीस जणांनी आमेन म्हटलं, पारखलं एकानेही नाही. ही चूक एकट्या तुझी नाही, बेटा.

अग्नी_आणि_वारा

सगळे जण मिळून पवित्र आत्म्याला विझवताय असं वाटतं. १ थेस्सल ५ वाचा, संदेशांचा धिक्कार करू नका. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात आत्मिक जागृती झाली, तेव्हाही लोकांनी नावं ठेवलीच होती. प्रत्येक शब्द समितीपुढे ठेवायचा झाला तर कोण बोलेल? ताईंनी विश्वासाने पाऊल टाकलं. सैतानाला हेच हवंय, की त्यांनी आता तोंड बंद करावं.

गोदाकाठ

भाऊ, तुमची कळकळ कळते. तोंड बंद करायचं मी ठरवलेलं नाही. पण त्याच अध्यायात लगेच पुढे लिहिलंय, सगळ्या गोष्टींची पारख करा, चांगलं ते घट्ट धरा. एका श्वासात लिहिलेलं आहे. अर्धं घेऊन अर्धं सोडलं की काय होतं ते मी पाहिलंय.

अमेरिकेतलं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या निवडणुकीत ट्रम्पच पुन्हा निवडून येणार असं कितीतरी नावाजलेल्या लोकांनी प्रभूच्या नावाने सांगितलं. झालं उलट. त्यांच्यापैकी जेरेमाया जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये मी चुकलो म्हणून जाहीर माफी मागितली, तर विश्वासणाऱ्यांनीच त्यांना शिव्याशाप आणि जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. नंतर त्याच वर्षी तिथल्या काही पुढाऱ्यांनी एक निवेदन काढलं, त्यात जाहीरपणे सांगितलेलं खोटं ठरलं तर जाहीरपणेच जबाबदारी घ्यावी असं म्हटलंय. मला ते पटतं. मी वीस जणांसमोर बोलले होते.

बाळयेशूची_यात्रेकरू

मी कॅथलिक आहे. नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत दरवर्षी जाते, मूल मागायला आलेली जोडपी तिथे बघते, म्हणून हे फार जवळचं वाटलं.

आमच्याकडे रीत फार संथ आहे. फ्रान्समधल्या लूर्द इथे १८५८ साली बर्नादेत नावाच्या मुलीला मरियामातेची दर्शनं झाली आणि बिशपांनी चौकशी करून १८६२ मध्ये ती मान्य केली. चार वर्षं! आणि मान्य केल्यावरही त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही कॅथलिकावर नाही. धर्मशिक्षणग्रंथात (क्रमांक ६७) स्पष्ट आहे की अशा खाजगी प्रकटीकरणांनी ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात भर पडत नाही. संथपणाचे तोटे आहेत, मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक राहते. त्या ताईला ती नव्हती.

वॉर्डातली_सिस्टर

मी रुग्णालयात काम करते. थोडक्यात लिहिते. संदेश ऐकून गोळ्या बंद केलेले पेशंट मी पाहिले आहेत. साखर चारशेच्या वर घेऊन येतात, आणि बोलायची लाज वाटते म्हणून आधी खरं सांगत नाहीत. आमच्या गटात नियमच केला आहे: औषध, लग्न, मूल, पैसा आणि तारीख, या पाच गोष्टींवर कुणी संदेश द्यायचा नाही. कुणाला फारच वाटलं तर वडीलमंडळींना सांगायचं, त्या माणसाला नाही.

शरणपूरचे_काका

सिस्टरचा नियम उत्तम. आणि हा काही नव्या काळाचा भित्रेपणा नव्हे. डिडाखे नावाचं फार जुनं लिखाण आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. त्याची पूर्ण प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. त्यात गावोगाव फिरणाऱ्या संदेष्ट्यांबद्दल लिहिलंय: एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दुसरा दिवस, तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही तर तो खोटा. आत्म्याच्या नावाने ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर दोष लावू नका. किती बारीक नजर! आणि सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे प्रभूचं वागणं त्याच्या वागण्यात दिसतं का.

अजून एक सांगतो. मी राहतो त्या शरणपूरची वसाहत १८५४ साली मिशनऱ्यांनी वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, वाढली. आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनचं शव ज्यांनी किनाऱ्यापर्यंत वाहून नेलं, त्यांत इथल्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. मी लहानपणापासून या गावाच्या नावाचा विचार करत आलोय. प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेली बाई शरण आलेली असते. तिच्या डोक्यावर हात ठेवून आपण जे बोलू ते ती घरी घेऊन जाते, आणि त्यावर टाके घालत बसते.

गोदाकाठ

उशिरा लिहितेय, पण सगळ्यांना कळवायला हवं होतं.

मागच्या रविवारी मी आणि माझे यजमान जेल रोडला त्यांच्याकडे गेलो. जाताना काही घेऊन गेलो नाही, मिठाई वगैरे देऊन बोलणं मला जमलं नसतं. मी सरळ म्हटलं, “मी त्या दिवशी प्रभूचं नाव घेऊन जे बोलले ते प्रभूचं नव्हतं. ते माझं होतं. तुमचा विश्वास कुठेही कमी पडला नाही.” दिंडोरीच्या दादांचं वाक्य हे एवढं होतं, पण ते ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. तिचा नवरा बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, “ताई, तुम्ही ‘मला असं वाटतं’ म्हणाला असतात ना, तर आम्ही डॉक्टरकडे जात राहिलो असतो. तेव्हा ही अडतीसची होती.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिलंही नाही.

ती चहा घेऊन बाहेर आली. सभेत सांगू का विचारलं. म्हणाली, सांगा, आमचं नाव नको. गोधडीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

काल शुक्रवारी सभेत सांगितलं. गाणी झाल्यावर उभी राहिले, मी कुठला शब्द दिला होता, तो कुठून आला होता, मंगळवार, वही, सगळं. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. कीबोर्डवाल्या मुलाने हळूच स्विच बंद केला, तेवढाच आवाज. मग त्या ट्रंकेच्या मावशी म्हणाल्या, “मग माझ्या ट्रंकेचं काय गं? तेही तुझंच होतं का?” मी म्हटलं, “मावशी, ते तुम्ही पारखा. मी आता सांगणार नाही.” त्या विचार करत बसल्या. शेवटची प्रार्थना झाल्यावर चपला घालताना माझा हात धरून म्हणाल्या, “पारखलं. ते माझंच होतं, तुला कुठून कळणार.”

सिस्टरचे पाच नियम वडीलमंडळींना वाचून दाखवले. चार मान्य झाले, पैशाच्या नियमावर वाद आहे, पुढच्या बैठकीत बोलू. माझ्यापुरतं ठरवलंय की काही जाणवलं तर आधी वहीत लिहायचं, दोन वडील बहिणींना दाखवायचं, आणि तोवर थांबायचं. काल प्रार्थनेत एका मुलाबद्दल काहीतरी आलं आहे. लिहून ठेवलंय. आज पहिला दिवस.